कापलेली क्लिप आणि पूर्ण चित्रफीत: सात महिन्यांच्या वापरानंतर

२०२४ च्या ऑगस्टमध्ये मी स्वतःला एक सवय लावून घेतली. अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या उमेदवारानं ‘शब्द फिरवला’ म्हणून कुणी दहा-वीस सेकंदांची क्लिप पाठवली की ती तशीच पुढे ढकलायची नाही. मूळ मुलाखत, भाषण किंवा वादचर्चा शोधायची, निदान त्या वाक्याच्या आधीची पाच आणि नंतरची पाच मिनिटं बघायची, आणि वहीत दोन ओळी लिहून ठेवायच्या. हे लिहितेय मार्च २०२५ मध्ये. निवडणूक होऊन गेली, सवय मात्र राहिली. तिचा काय उपयोग झाला आणि ती कुठे कमी पडते, ते लिहिते.

आधी मी कुठून बोलतेय ते सांगायला हवं. आम्ही पेनसिल्व्हेनियात, पिट्सबर्गच्या दक्षिणेला वॉशिंग्टन काउंटीत राहतो. जमिनीखाली खोल खडकात पाणी, वाळू आणि रसायनं दाबानं सोडून तिथला वायू मोकळा करतात, त्या फ्रॅकिंगचा हा मुलूख. मार्सेलस शेल नावाच्या खडकातल्या वायूची इथली गोष्ट २००४ साली याच काउंटीतल्या एका विहिरीपासून सुरू झाली. शेजारच्या आजोबांची थोडी जमीन वायू कंपनीला भाडेकरारावर दिलेली आहे. राज्याच्या कायद्याप्रमाणे जमीनमालकाला उत्पन्नाचा किमान आठवा हिस्सा मिळावाच लागतो, त्यावर त्यांच्या घराचं छप्पर नवं झालं. ते ट्रम्पना मत देणार हे गल्लीला ठाऊक होतं. मी अमेरिकन नागरिक झाल्यावरची ही पहिलीच अध्यक्षीय निवडणूक, आणि मी मत दिलं कमला हॅरिस यांना. पुढचं वाचताना हे लक्षात असू द्या.

त्याआधीची माझी बातम्यांची व्यवस्था म्हणजे दोन वर्गण्या. एक डावीकडे झुकलेल्या वाहिनीची, एक उजवीकडे झुकलेल्या वाहिनीची. दोन्ही बाजू ऐकल्या की मधलं सत्य आपोआप हाती लागेल, असं मला प्रामाणिकपणे वाटायचं. तसं होत नाही. दोन वकिलांचे युक्तिवाद ऐकून घरी यायचं, साक्षीदार कधी बघायचाच नाही, असं ते होतं. उमेदवार बोलायचा बारा सेकंद, त्यावर चौघंजण बोलायचे बारा मिनिटं. शिवाय सांगलीहून सासरे रोज दोन-तीन क्लिप पाठवायचे, वर मराठीत मथळा लावलेल्या. एकदा त्यांनी फोनवर विचारलं, “अगं, ही बाई नक्की कशाच्या बाजूनं आहे? एकदा म्हणते फ्रॅकिंगवर बंदी घालणार, एकदा म्हणते नाही घालणार.” मला उत्तर देता आलं नाही. मत मी देणार होते आणि उत्तर मला ठाऊक नव्हतं, याचं फार वाईट वाटलं. सवय तिथून लागली.

पहिला वापर अर्थात फ्रॅकिंगवर केला. सप्टेंबर २०१९ मध्ये, डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मागत असताना, सीएनएनच्या हवामानविषयक कार्यक्रमात हॅरिस यांनी फ्रॅकिंगवर बंदी घालण्याच्या बाजूनं आपण आहोत, यात शंकाच नाही, असं सांगितलं होतं. पुढे २९ ऑगस्ट २०२४ ला जॉर्जियातल्या सव्हाना इथे सीएनएनच्याच डेना बॅश यांना त्यांनी सांगितलं की बंदी घालणार नाही, आणि हे मी २०२० च्या वादचर्चेतच स्पष्ट केलं होतं. माझ्या बाजूच्या वाहिनीवर हे वाक्य रात्रभर फिरलं. भूमिका चार वर्षांपूर्वीच बदललेली आहे, विरोधक शिळ्या कढीला ऊत आणताहेत, असा त्यावरचा सूर. मलाही हायसं वाटलं. पण सवय नवी होती, म्हणून जेवणं उरकल्यावर लॅपटॉप उघडून ७ ऑक्टोबर २०२० ची उपाध्यक्षपदाची वादचर्चा शोधली.

इथे सी-स्पॅनबद्दल थोडं सांगते, कारण माझी बरीचशी सवय त्याच्या आधारावर उभी आहे. ब्रायन लॅम्ब यांनी १९७९ साली सुरू केलेली ही वाहिनी. खर्च केबल कंपन्या देतात, जाहिराती नाहीत, सरकारचा पैसा नाही. कॅमेरा लावायचा आणि सभागृह, सभा, भाषण जसं घडतं तसं दाखवायचं. १९८७ पासूनचं चित्रण जपून ठेवलेलं आहे आणि २०१० पासून ते कुणालाही घरबसल्या फुकट बघता येतं. शब्द टाइप केला की तो जिथे उच्चारला गेला तिथपर्यंत जाता येतं. निवेदक मध्ये येऊन अर्थ सांगत नाही, हा त्याचा सगळ्यात मोठा गुण. सुरुवातीला ते फार संथ वाटतं. आठवडाभरात कान सरावतात.

तर ती वादचर्चा. तो भाग मी तीनदा ऐकला. हॅरिस तिथे ठासून सांगतात की जो बायडन फ्रॅकिंगवर बंदी घालणार नाहीत. पुन्हा सांगतात. प्रत्येक वेळी बायडन. माझं मत बदललं आहे, असं त्या एकदाही म्हणत नाहीत. उपाध्यक्षपदाच्या उमेदवारानं तिकिटावरच्या मुख्य उमेदवाराची भूमिका मांडावी हे रीतीला धरूनच आहे, त्यात खोटं काही नाही. पण ‘मी २०२० मध्ये माझी भूमिका स्पष्ट केली होती’ हे त्यावरून निघत नाही. मी ज्यांना मत देणार होते त्यांच्याबद्दल हे वहीत लिहिताना हात जड झाला. तरी लिहिलं.

आणि त्याच मुलाखतीत, दोन-चार वाक्यांच्या अंतरावर, खरं उत्तरही होतं. बंदी न घालताही स्वच्छ ऊर्जेची भरभराट करता येते, हे सरकारात राहून दिसलं, असं हॅरिस म्हणाल्या होत्या. अनुभवानं मत बदललं, हे कुणालाही पटण्यासारखं कारण आहे. ते उजव्या वाहिनीनं कापलं, कारण मग घूमजाव म्हणता आलं नसतं. डाव्या वाहिनीनंही कापलं, कारण मग भूमिका बदलली हे कबूल करावं लागलं असतं. तिथे फिरत राहिलं ‘माझी मूल्यं बदललेली नाहीत’ हे वाक्य, ज्यात प्रश्नाचं उत्तर नाही. या एका संध्याकाळी माझ्या दोन्ही वर्गण्यांवरचा विश्वास उडाला.

शेजारच्या आजोबांना मी हे सगळं कुंपणापाशी सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “हे ठीक आहे, पण बंदी आली असती तर माझ्या जमिनीचं काय झालं असतं?” किती साधा प्रश्न! अध्यक्षाच्या सहीनं संघराज्याच्या मालकीच्या जमिनीवरचे नवे परवाने थांबू शकतात. खाजगी जमिनीवर सरसकट बंदी घालायची तर काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला, कायदा करावा लागतो. पेनसिल्व्हेनियातल्या वायूच्या विहिरी बहुतेक खाजगी आणि काही राज्याच्या जमिनीवर आहेत. म्हणजे ज्या बंदीवरून महिनोन्‌महिने रणकंदन चाललं, ती आजोबांच्या शेतापर्यंत एकट्या अध्यक्षाच्या हुकमानं पोचलीच नसती. मी त्या काळात दोन्ही वाहिन्यांवर या विषयाचे कितीतरी तास ऐकले. हे एवढं मला कुणी सांगितल्याचं आठवत नाही. भूमिका बदलली का, यावर चर्चा रंगते. ती भूमिका अमलात कशी आली असती, हे विचारायला कुणाला वेळ नसतो. मला याचा राग येतो, आजही.

दुसरं उदाहरण त्याच तारखेचं, म्हणून ते विसरता येत नाही. २९ ऑगस्टलाच ट्रम्प यांनी मिशिगनमध्ये एनबीसी वाहिनीला सांगितलं की फ्लोरिडातली गर्भपातासाठीची सहा आठवड्यांची मुदत फार कमी आहे, सहा आठवड्यांपेक्षा जास्त मुदत असावी यासाठी आपण मत देणार. फ्लोरिडात गर्भपाताच्या हक्कासाठी राज्यघटनेत दुरुस्ती करावी का, यावर नोव्हेंबरमध्ये सार्वमत होतं आणि ट्रम्प तिथले मतदार. संध्याकाळपर्यंत प्रचारयंत्रणेनं खुलासा केला की ते कसं मत देणार हे त्यांनी अजून सांगितलेलं नाही. दुसऱ्या दिवशी, ३० ऑगस्टला, त्यांनी जाहीर केलं की दुरुस्तीच्या विरोधात मत देणार. एका दिवसात.

त्या दोन रात्री मी मुद्दाम दोन्ही वाहिन्या बघून वहीचं एक पान आडवं धरून भरलं. डावीकडे हॅरिस यांच्या बदलाला मिळालेले शब्द, उजवीकडे ट्रम्प यांच्या. एका वाहिनीवर हॅरिस ‘अनुभवातून शिकलेल्या’ आणि ट्रम्प ‘कोलांटउडी मारणारे’. दुसरीवर हॅरिस ‘मतांसाठी रंग बदलणाऱ्या’ आणि ट्रम्प ‘लवचीक’, ‘बारकावे जाणणारे’. ते पान अजून बघते. क्रिया एकच, नावं चार. उजव्या बाजूची एक तक्रार मात्र मला रास्त वाटली आणि ती मी माझ्या मित्रमैत्रिणींसमोर बोलूनही दाखवली. २१ जुलैला बायडन शर्यतीतून बाजूला झाल्यापासून हॅरिस यांची पहिली सविस्तर मुलाखत व्हायला ३९ दिवस लागले. ज्यांनी इतक्या भूमिका बदलल्या आहेत त्यांना इतके दिवस कुणी समोर बसवून ‘का’ विचारू शकलं नाही, ही आमच्या बाजूची चूकच होती. आरोग्यविम्याचंही तसंच: २०१७ मध्ये सिनेटर बर्नी सँडर्स यांच्या सर्वांसाठी सरकारी विम्याच्या विधेयकाला पाठिंबा, २०१९ च्या जुलैत खाजगी विम्याला जागा ठेवणारी स्वतःची योजना, २०२४ मध्ये तो विषयच मागे.

तिसरा वापर सर्वांत कठीण गेला. ऑक्टोबरमध्ये सीबीएस वाहिनीनं हॅरिस यांची मुलाखत दाखवली. इस्रायलबद्दलच्या एकाच प्रश्नाला ६ तारखेला ‘फेस द नेशन’मध्ये एक उत्तर दिसलं, लांबलचक आणि गोल गोल, ७ तारखेला ‘सिक्स्टी मिनिट्स’मध्ये दुसरं, छोटं आणि नेमकं. उत्तर बदलून फसवणूक केली, असं ट्रम्प यांच्या बाजूचं म्हणणं, आणि ३१ ऑक्टोबरला ट्रम्प यांनी सीबीएसवर खटला भरला. माझी सवय इथे अडली, कारण पूर्ण चित्रण वाहिनीबाहेर कुणाकडेच नव्हतं. वाहिनीनं प्रतिलेख, म्हणजे बोलण्याची शब्दशः लेखी नोंद, दिला नाही. वहीत मी फक्त प्रश्नचिन्ह काढून ठेवलं आणि चार महिने ते तसंच राहिलं.

फेब्रुवारीत अखेर पूर्ण प्रतिलेख बाहेर आला. आपलीच सवय म्हणून मी तो सगळा वाचला. दोन्ही तुकडे एकाच उत्तरातले होते, एक आधीचा, एक नंतरचा. वेळेत बसवण्यासाठी दूरचित्रवाणीवर रोज होते तशी काटछाट. माझं मत असं की यात कट नव्हता. पण प्रतिलेख त्याच दिवशी दिला असता तर संशयाला जागाच उरली नसती. पत्रकारितेवरचा माझ्या शेजाऱ्यांचा विश्वास आधीच पातळ झाला होता. त्या चार महिन्यांत तो आणखी पातळ होताना मी पाहिला.

जुनी प्रकरणं वाचायची गोडीही यातूनच लागली. १६ मार्च २००४, हंटिंग्टन, वेस्ट व्हर्जिनिया, इथून गाडीनं जाता येईल एवढ्या अंतरावर. त्या वर्षीचे डेमोक्रॅटिक पक्षाचे अध्यक्षपदाचे उमेदवार जॉन केरी म्हणाले की ८७ अब्ज डॉलरच्या विरोधात मत देण्याआधी मी त्याच्या बाजूनं मत दिलं होतं. इराक आणि अफगाणिस्तानसाठीचा तो निधी श्रीमंतांची करसवलत मागे घेऊन उभारावा, या पर्यायाला त्यांनी पाठिंबा दिला होता. तो पडल्यावर मूळ विधेयकाला विरोध केला. समजून घेतलं तर सुसंगत. पण त्यांचे प्रतिस्पर्धी बुश यांच्या जाहिरातीत ते एक वाक्य तेवढं राहिलं, आणि त्या वर्षीच्या रिपब्लिकन अधिवेशनात प्रतिनिधी केरींच्या नावानं चपला हलवत होते, कारण इंग्रजीत ‘फ्लिप-फ्लॉप’ म्हणजे घूमजावही आणि चप्पलही.

आता या सवयीच्या उणिवा. वेळ जातो, खूप जातो. एका क्लिपमागे कधी पाऊण तास. नोकरी, मुलीचा अभ्यास, स्वयंपाक यांत रोज जमत नाही, म्हणून मी आठवड्याला दोनच विषय घेते. वाहिन्यांच्या स्वतःच्या मुलाखती सी-स्पॅनवर नसतात, तेव्हा त्या वाहिनीनं प्रसिद्ध केलेला प्रतिलेख वाचावा लागतो आणि त्यात आवाजाचा चढउतार कळत नाही. सी-स्पॅनचा मजकूर पडद्यावरच्या न तपासलेल्या सबटायटलवरून बनतो, म्हणून वाचून न थांबता ऐकावंच. आणि पूर्ण चित्रफीत बघितल्यानं मन बदलेलच असं नाही. माझं मत बदललं नाही, आजोबांचंही नाही. पेनसिल्व्हेनिया ट्रम्प यांच्याकडे गेलं आणि मला त्या रात्री झोप लागली नाही.

तरी दोन्ही वर्गण्या मी डिसेंबरमध्ये बंद केल्या. त्यातल्या एकीनं रद्द करायला तीनदा फोन करायला लावला, पण तो वेगळा विषय. सासऱ्यांना क्लिपच्या मागचं पूर्ण भाषण कसं शोधायचं ते व्हिडिओ कॉलवर दाखवलं. आता ते क्लिप पाठवतात तेव्हा खाली लिहितात, “आधीची पाच मिनिटं पाहिली, नंतरची बघायची आहेत.” आणि गेल्या रविवारी आजोबा दारात आले. हातात फोन, त्यावर टॅरिफवरची ट्रम्प यांची एक अर्धवट क्लिप, त्यांच्या नातवानं पाठवलेली. म्हणाले, “हे त्यांनी नक्की असंच म्हटलंय का, ते तुझ्या त्या ठिकाणी बघता येईल?” मी चहा टाकला आणि लॅपटॉप उघडला.