शतावरी, मेथी, पुदिना: पीसीओएससाठी आठ महिने घेऊन पाहिलं

वय ३१, लग्नाला चार वर्षं. पीसीओएस, म्हणजे हॉर्मोन्स बिघडून बीज वेळेवर तयार न होण्याचा त्रास. त्यामुळे पाळी कधी ४५ दिवसांनी, कधी ७० दिवसांनी. हनुवटीवर राठ केस, मानेवर काळपट पट्टा. डॉक्टरांनी मेटफॉर्मिन, म्हणजे इन्शुलिनचं काम सुधारणारी गोळी, सुरू केलं आणि वजन उतरवायला सांगितलं. गोळीने पोट बिघडायचं, म्हणून जडीबुटीकडे वळले. गोळी मात्र सोडली नाही, एवढी अक्कल होती.

पहिला डबा शतावरी कल्पाचा, सासूबाईंनी आणलेला. रोज दोन चमचे गरम दुधातून. वेलचीचा वास, चव इतकी छान की मी येता-जाता नुसताच चमचा तोंडात टाकायचे. दोन महिन्यांत वजन दीड किलो वाढलं, तेव्हा डब्यामागची बारीक अक्षरं वाचली. निम्म्याहून जास्त साखर! कल्प साखरेतच करतात, हे मला माहीत असायला हवं होतं. बाळंतिणीला दूध यावं म्हणून देतात तो हाच. पण माझं दुखणं इन्शुलिनचं. शरीर त्याला दाद देत नाही म्हणून ते जास्त तयार होतं, आणि जास्तीचं इन्शुलिन अंडाशयाला टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हॉर्मोन जास्त बनवायला लावतं. म्हणजे औषध म्हणून मी रोज साखर खात होते. मग नुसतं चूर्ण आणलं. कडवट, टाळूला चिकटणारं. त्याने फरक पडला असं छातीठोक सांगता येत नाही.

अशोकारिष्ट आत्याच्या आग्रहाने. महिनाभर घेतल्यावर वैद्यबाईंनीच बंद करायला लावलं: "अगं, हे अंगावरून जास्त जाणाऱ्या बाईला देतात. तुझी तर पाळीच येत नाही." शिवाय आसव-अरिष्टं आंबवून करतात, त्यांत थोडा मद्यार्क असतोच. मूल हवं असणारीने हे लक्षात ठेवावं.

मेथीचे दाणे रात्री भिजवून सकाळी चावून खाल्ले. दुपारच्या जेवणानंतरची पेंग कमी झाली, मधल्या वेळची भूकही. घामाला मात्र असा वास, की ऑफिसातल्या मैत्रिणीने विचारलं, "डिंकाचे लाडू केलेस का?" एका चतुर्थीला उपाशीपोटी मेथी आणि गोळी दोन्ही घेतली, तर हातपाय थरथरायला लागले. तेव्हापासून काय काय घेते ते डॉक्टरांना सांगते.

पुदिन्याचा चहा अजून चालू आहे. स्पिअरमिंट म्हणून महाग डबी घेऊ नका, तो चटणीचा पुदिनाच. २०१० साली इंग्लंडमधला एक छोटा अभ्यास आला होता: महिनाभर रोज दोन कप घेतल्यावर टेस्टोस्टेरॉन उतरलं, पण केसांच्या मोजमापात फरक दिसला नाही. माझंही तसंच. थ्रेडिंगवाली महिन्यातून दोनदा भेटतेच.

'९० दिवसांत गोड बातमी' वाल्या पावडरी मी घेतल्या नाहीत. वंध्यत्व बरं करतो अशी औषधाची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्यानेच बंदी आहे. तरी मोबाइल उघडला की त्याच समोर.

पाळी लांबली की आधी घरी प्रेग्नन्सी टेस्ट, मगच चूर्ण, हा नियम मी स्वतःला घालून घेतला. पीसीओएसमध्ये 'लांबली असेल नेहमीसारखी' म्हणून आपण बिनधास्त काढे पीत राहतो. ओव्ह्युलेशनच्या, म्हणजे बीज कधी सुटणार ते घरी बघायच्या पट्ट्यांवरही फार विसंबू नका. त्या ज्यावर चालतात ते एलएच हॉर्मोन पीसीओएसमध्ये एरवीच वाढलेलं असू शकतं, पट्टी उगाच होकार देते. मी दोन महिने फसले.

शेवटच्या तीन पाळ्या ३८, ४१ आणि ३६ दिवसांनी आल्या. श्रेय मेथीला द्यायचं मनात येतं, पण चौथ्या महिन्यापासून मी रोज पाऊण तास चालतेय, रात्रीचा भात सोडलाय आणि ७४ किलोवरून ६९ वर आलेय. एवढं वजन उतरलं तरी बीज तयार होऊ लागतं, असं डॉक्टर पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या. तेव्हा मी कल्पाच्या विचारात होते.

या महिन्यात पाळीच्या तिसऱ्या दिवसापासून पाच दिवस लेट्रोझोल, म्हणजे बीज तयार व्हायला मदत करणारी गोळी, घेतलं, चूर्ण आणि मेथी बंद ठेवून. गुरुवारी फॉलिकल, म्हणजे बीजाची पिशवी, वाढतेय का ते बघायला सोनोग्राफी आहे. कल्पाचा उरलेला डबा वहिनीला दिला. ती बाळंत होऊन दीड महिना झालाय.