कॉल यूजर फंक अ‍ॅरे की तीन टिंबं?

सांगली मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानाचं पट्टीचं (शेतकऱ्याच्या मालाच्या हिशेबाचं) सॉफ्टवेअर आम्ही पीएचपी या प्रोग्रॅमिंग भाषेत सांभाळतो. हळद, गूळ, बेदाणा, प्रत्येकाची मेथड (हिशेब करणारं फंक्शन) वेगळी, एकाला दर नि वजन पुरतं तर दुसऱ्याला हमाली, तोलाई, बॉक्स किती ते पण लागतं, म्हणजे मेथडचं नाव व्हेरिएबलमध्ये आणि आर्ग्युमेंट (मेथडला द्यायची मूल्यं) किती ते ऐनवेळी कळणार. अशी मेथड बोलवायला पीएचपीचं जुनं call_user_func_array फंक्शन वापरायचं, की यादी उलगडून देणारी तीन टिंबं (...), हा प्रश्न.

सर्व्हरवर पीएचपी ५.६ किंवा पुढचं असेल तर माझं मत सरळ तीन टिंबं:

$पट्टी->$माल($तारीख, ...$आकडे);

(देवनागरी नावं पीएचपीला खरंच चालतात, टीममध्ये मात्र शिव्या खाल.) वाचतानाच कळतं कोण कुणाला हाक मारतंय. कॉल यूजर फंक अ‍ॅरेत ऑब्जेक्ट नि मेथडचं नाव आधी एका अ‍ॅरेत कोंबा, मग ती तारीख आकड्यांच्या पुढं चिकटवायला अ‍ॅरे मर्ज करत बसा.

खरी गोची कीजची, म्हणजे यादीतल्या मूल्यांना दिलेल्या नावांची. आमच्या आकड्यांना कुणीतरी 'भाव', 'वजन' अशा कीज दिलेल्या आणि मेथडमध्ये पॅरामीटरचं नाव 'दर'. ७.४ वर जुनं फंक्शन कीजकडं बघतच नव्हतं, आकडे क्रमानं द्यायचं, सगळं गोड चाललेलं. ८.० मध्ये नेम्ड आर्ग्युमेंट (नावानं दिलेली मूल्यं) आली आणि त्याच कीज पॅरामीटरची नावं ठरल्या, झालं, अननोन नेम्ड पॅरामीटर, पट्टी निघेना आणि काउंटरला शेतकरी ताटकळलेले. अ‍ॅरे व्हॅल्यूज लावून कीज काढल्या तेव्हा सुटलो. टिंबं असती तर ७ वरच एरर येऊन ही भानगड तेव्हाच उघडी पडली असती, ८ वर मात्र दोन्हींची वागणूक सारखीच.

मेथडच नसेल तर टिंबवाला कॉल ७ पासून एरर फेकतो. जुनं फंक्शन ७ वर नुसती वॉर्निंग देऊन नल परत करायचं, आणि लाइव्हवर वॉर्निंग बघतंय कोण! ८ ला तेही टाइप एरर फेकायला लागलं.

रेफरन्सनं घेणारी, म्हणजे दिलेलं मूळ व्हेरिएबलच बदलणारी मेथड असेल तर टिंबांना साधा अ‍ॅरे व्हेरिएबल पुरतो, जुन्याला अ‍ॅरेतच अँपरसँड लावून रेफरन्स भरावे लागतात. पण मधे जादूची कॉल मेथड (__call, नसलेली मेथड बोलवली की आपोआप चालणारी) असली तर टिंबं वाया, कारण ती आर्ग्युमेंट रेफरन्सनं घेतच नाही.

जनरेटर (एकेक मूल्य देत जाणारं फंक्शन) सरळ उलगडायचा असेल तरी टिंबंच, जुन्याला अ‍ॅरेच लागतो. क्लायंट अजून ५.४ वर अडकला असेल तर मात्र कॉल यूजर फंक अ‍ॅरेच, टिंबं तिथं पार्स एरर देतील.