नॉर्निर वापरून पाहिलं: मोठ्या राउटरवरचं कॉन्फिगचं काम खरंच फास्ट होतं का?

आधी निकाल सांगतो, ज्यांना घाई आहे त्यांनी इथूनच परत फिरा. नॉर्निर म्हणजे राउटर-स्विचवरची कामं पायथॉनमधून आपोआप करायचं टूल. ते चांगलं आहे, फुकट आहे, ओपन सोर्स आहे, पायथॉन येत असेल तर डोळे झाकून घ्या, माझ्याकडून पाचपैकी चार. पण हे टाकलं की तुमचा मोठा राउटर भराभर कमिट (नवीन कॉन्फिग तपासून लागू करणं) करायला लागेल असं कोणी सांगत असेल तर त्याला चहा पाजा आणि घरी पाठवा, कारण राउटर आतमध्ये जो वेळ खातो तो बाहेरच्या कुठल्याच टूलने कमी होत नाही, तो राउटरवर जाऊनच कमी करावा लागतो. आमच्याकडे जो फरक पडला त्यातला थोडा नॉर्निरमुळे आणि बराचसा जुनॉसच्या (जुनिपर राउटरची ऑपरेटिंग सिस्टिम) चार-दोन सेटिंगमुळे, म्हणून रिव्ह्यू दोन्हीचा मिळून लिहितोय.

आमचं म्हणजे नागपुरातलं एक मध्यम साइजचं आयएसपी, इंटरनेट पुरवणारी कंपनी. कोअरला जुनिपरचे दोन मोठे एमएक्स राउटर, दोन्हीत डबल राउटिंग इंजिन (राउटरचा मेंदू, एक चालू नि एक राखीव), आणि बाकी लहान राउटर नि स्विच बुटीबोरी, हिंगणा, कामठी, काटोल, उमरेड असे पसरलेले. रामदासपेठेतली हॉस्पिटलं, इतवारीतले व्यापारी, एमआयडीसीतल्या कंपन्या असे कस्टमर, त्यामुळे दिवसा कोअरला हात लावायचा प्रश्नच नाही, जे काय करायचं ते रात्री एक ते चारमध्ये. त्यात सिमेंट रोडवाल्यांनी कुठे फायबर तोडली असली तर तेही त्याच रात्री निस्तरायचं.

एमएक्सवरचं कॉन्फिग का फुगतं हे आयएसपीवाल्यांना सांगायला नको. एकेका कस्टमरचं सब-इंटरफेस, त्याचं पोलिसर (स्पीडची मर्यादा), आणि जे बीजीपी (नेटवर्कांनी एकमेकांना रस्ते सांगायची पद्धत) घेतात त्यांच्या प्रीफिक्स-लिस्ट, म्हणजे त्यांच्याकडून कोणते आयपी पत्ते घ्यायचे त्याची यादी. या लिस्ट आम्ही बीजीपीक्यू४ नावाच्या टूलने आयआरआरमधून (कोणाचे पत्ते कोणते याची सार्वजनिक नोंद) काढतो, आणि एखाद्या मोठ्या डाउनस्ट्रीम कस्टमरचा एएस-सेट (त्याच्यामागच्या नेटवर्कांची यादी) आतून इतका फुटतो की एका नावाखाली हजारो ओळी येतात. त्यावर पूर्वी कोणीतरी अप्लाय-ग्रुप्सचा (एकदा लिहून अनेक ठिकाणी लागू होणारे कॉन्फिगचे तुकडे) एकावर एक डोलारा रचून ठेवलेला. कॉन्फिग वाचायला छान दिसतं, पण कमिट मारला की स्क्रीन गप्प. नवीन पोरगं नाइटला बसलं की हमखास विचारायचं, "दादा, हे अडकून राहिलं का?" आणि मी म्हणायचो, "अडकलं नाही रे, कमिट होऊन राहिलं, कंट्रोल-सी दाबू नको फक्त." चार-पाच मिनिटं सहज जायची, प्रत्येक कमिटला.

आता नॉर्निर. आधी आम्ही अन्सिबल या दुसऱ्या ऑटोमेशन टूलवर होतो आणि त्याला शिव्या देणार नाही, सर्व्हरच्या कामाला आजही तेच वापरतो. पण त्याची डिफॉल्ट रीत अशी की एका वेळी ५ डिव्हाइस घेतो, आणि एक टास्क सगळ्यांचं संपल्याशिवाय कोणालाच पुढच्या टास्कला जाऊ देत नाही. म्हणजे एमएक्स कमिट करत बसला की काटोलचं चिमुकलं स्विचसुद्धा त्याच्यासाठी थांबून राहतं. फोर्क (एका वेळच्या डिव्हाइसची संख्या) वाढवता येतात, स्ट्रॅटेजी फ्री करता येते म्हणजे कोणी कोणासाठी थांबत नाही, पण थोडं लॉजिक घालायचं म्हटलं की वायएमएलमध्ये (सेटिंग लिहायच्या टेक्स्ट फायली) प्रोग्रॅमिंग करायची कसरत सुरू होते आणि तिथे माझं डोकं फिरतं.

नॉर्निरमध्ये सगळं सरळ पायथॉन. इन्व्हेंटरी म्हणजे होस्ट, ग्रुप आणि डिफॉल्टच्या तीन वायएमएल फायली, टास्क म्हणजे एक साधं फंक्शन, आणि ते थ्रेडवर (एकाच वेळी चालणारे धागे) एकाच वेळी बऱ्याच डिव्हाइसवर धावतं, डिफॉल्ट २० थ्रेड. एका फंक्शनमध्येच फेच, डिफ (जुन्या-नव्यातला फरक), लोड, कमिट सगळं लिहिता येतं, त्यामुळे प्रत्येक डिव्हाइस आपापल्या गतीने पुढे जातं, कोणी कोणासाठी थांबत नाही. अडलं की मध्येच ब्रेकपॉइंट टाकून बघता येतं व्हेरिएबलमध्ये काय आहे ते. हे सुख ज्याने रात्री अडीचला वायएमएलमधली स्पेस शोधली आहे त्यालाच कळेल. लहान डिव्हाइसचं काम खरंच झपकन संपायला लागलं, त्यात शंका नाही.

आता कटकटी. ३.० आल्यापासून प्लगइन वेगळे झाले, म्हणजे नॅपाम नि नेटमिको (राउटरशी बोलणाऱ्या पायथॉन लायब्ररी), छपाईचं साधं फंक्शन, सगळं वेगवेगळं इन्स्टॉल करा आणि कोणतं व्हर्जन कोणाशी जमतं ते बघत बसा. दुसरं, एखादं डिव्हाइस एकदा फेल झालं की ते फेल्ड होस्टमध्ये जातं आणि त्याच रनमधल्या पुढच्या टास्कमधून गुपचूप वगळलं जातं, तुम्ही स्वतःहून रिसेट करेपर्यंत. कोअरसाठी ही सवय चांगलीच आहे पण नवीन माणसाला वाटतं सगळं हिरवं आहे, आणि उमरेडचा राउटर तिकडे तसाच राहिलेला असतो. तिसरं, रिझल्ट सगळे संपल्यावर एकदम छापतो, मध्ये काय चाललंय दिसत नाही, त्यासाठी प्रोसेसर (टास्क सुरू होताना-संपताना चालणारा कोड) वेगळा लावावा लागतो. आणि हो, थ्रेड आहेत म्हणून नाचू नका, नेटवर्कची वाट बघताना थ्रेडचा फायदा होतो, पण हजारो ओळींचं टेम्प्लेट रेंडर करणं आणि डिफ काढणं हे सीपीयूचं काम आहे, तिथे पायथॉनचे थ्रेड एकमेकांच्या पायात पाय घालतात. मोठ्या एमएक्सचं टेम्प्लेट मी म्हणूनच वेगळ्या प्रोसेसमध्ये आधीच बनवून ठेवतो.

एवढं करूनही कोअरची मिनिटं काही हलली नाहीत. मग शेवटी जे पहिल्या दिवशी करायला पाहिजे ते केलं, राउटरवर कमिट पाइप डिस्प्ले डिटेल मारलं. ज्यांनी हे कधी चालवलं नाही त्यांनी आज रात्री चालवा. प्रत्येक पायरी वेळेसकट दिसते, कॉन्फिग एक्सपोर्ट होतंय, मग एकेका डीमनला (राउटरमध्ये मागे सतत चालणारा प्रोग्रॅम) निरोप जातोय, नाव, प्रोसेस नंबर, सगळं. आमच्याकडे दोन ठिकाणी घड्याळ थांबत होतं, एक ग्रुप उलगडताना आणि दुसरं दुसऱ्या राउटिंग इंजिनची वाट बघताना. स्क्रिप्टचा यात काडीचा संबंध नाही.

ग्रुपचं उत्तर म्हणजे सिस्टिम कमिटखालचं पर्सिस्ट-ग्रुप्स-इनहेरिटन्स. हे लावलं की ग्रुप उलगडून काढलेलं चित्र राउटर जपून ठेवतो, प्रत्येक कमिटला पुन्हा पहिल्यापासून उलगडत बसत नाही. नवीन जुनॉसवर हे आपोआप चालू असतं, आमचं व्हर्जन जुनं म्हणून हाताने लावावं लागलं. सगळ्यात जास्त फरक या एका ओळीने पडला. ओळीला पैसे लागत नाहीत, लायसन लागत नाही, आणि ज्या बाहेरच्या कन्सल्टंटने आम्हाला लाखांचं ऑर्केस्ट्रेशन विकायचा प्रयत्न केला त्याच्या प्रेझेंटेशनमध्ये ती कुठेच नव्हती. त्याचा डेमोही लॅबमधल्या एका स्क्रीनभर कॉन्फिगच्या राउटरवर होता, तिथे काय, काहीही फास्टच दिसतं.

दुसरं फास्ट-सिंक्रोनाइझ, म्हणजे दोन्ही राउटिंग इंजिनवर कमिट एकापाठोपाठ एक न होता सोबतच चालतो. वेळ वाचतो पण इथे सांभाळून. कॉन्फिगची तपासणी फक्त ज्या इंजिनवर तुम्ही कमिट मारला तिथेच होते, त्यामुळे आरई० आणि आरई१ (दोन राउटिंग इंजिनं) यांच्या ग्रुपमध्ये वेगवेगळं बरंच काही कोंबलेलं असेल तर दुसऱ्या बाजूची चूक पकडली जाणार नाही. आमच्या त्या ग्रुपमध्ये होस्टनेम आणि मॅनेजमेंट आयपी एवढंच आहे म्हणून लावलं. तुमच्याकडे तसं नसेल तर राहू द्या.

तिसरी गोष्ट नॅपामवाल्यांनी नीट वाचा. नॅपाममधून जुनॉसवर अख्खं कॉन्फिग रिप्लेस केलं की आतमध्ये लोड ओव्हरराइड होतं, आणि ओव्हरराइडनंतरच्या कमिटला सगळे डीमन सगळं कॉन्फिग पुन्हा वाचतात, बदल एका पोलिसरचा असला तरी. एका पाहुण्याला मीठ कमी लागलं म्हणून अख्ख्या पंगतीचं वरण पुन्हा चुलीवर चढवण्यातला प्रकार. त्याऐवजी लोड अपडेट आहे, ते आधी जुन्या-नव्याची तुलना करतं आणि ज्याचं बदललं त्याच डीमनला उठवतं. नॅपामच्या त्या मेथडमधून ते मिळत नाही, म्हणून एमएक्ससाठी मी नॉर्निरच्या टास्कमधून थेट पायईझेड (जुनिपरची स्वतःची पायथॉन लायब्ररी) वापरतो, तिथे लोड करताना अपडेट ट्रू दिलं की झालं. आणि प्रीफिक्स-लिस्टसाठी तर अख्खं कॉन्फिग पाठवायचंच नाही, बीजीपीक्यू४ जुनिपरचं आउटपुट देताना रिप्लेसचा टॅग स्वतःच लावून देतं, तेवढाच तुकडा लोड रिप्लेसने टाकायचा. एग्रिगेशनचा ऑप्शन (लागून असलेले पत्ते एकत्र करणं) जुनिपरच्या साध्या प्रीफिक्स-लिस्टवर चालत नाही, तो हवा असेल तर राउट-फिल्टर-लिस्ट काढावी लागते. आणि कालच्या फाइलशी आजची फाइल जुळत असेल तर राउटरकडे जायचंच नाही, सगळ्यात फास्ट कमिट तो जो मारावाच लागला नाही.

पायईझेड वापरणाऱ्यांना एक इशारा, त्याचा डिफॉल्ट टाइमआउट ३० सेकंदांचा आहे. मोठ्या बॉक्सवर कमिट त्याच्या पुढे गेला की स्क्रिप्ट एरर देऊन मोकळी होते आणि राउटर तिकडे शांतपणे कमिट पूर्ण करतो. मग स्क्रिप्टवर विश्वास ठेवून कोणी रीट्राय लावला की झाला गोंधळ. टाइमआउट आधी वाढवा, नंतर बाकीचं बोला.

कमिट कन्फर्म्ड तर लावायचाच, त्यात तडजोड नाही, विशेषतः काटोलसारख्या ठिकाणी जिथे लिंक गेली तर रात्री गाडी काढून जावं लागतं. डिफॉल्ट १० मिनिटं मिळतात, तेवढ्यात कन्फर्म नाही केलं तर राउटर आपोआप मागे जातो. बऱ्याच जणांना वाटतं की कन्फर्म करायला पुन्हा अख्खा कमिट मारावा लागतो आणि म्हणून कंटाळा करतात. लागत नाही भाऊ, कमिट चेक (नुसती तपासणी) मारला तरी कन्फर्म होतं. हे कळल्यावर आमच्या नाइटच्या पोरांनी कन्फर्म्ड टाळणं बंद केलं, आणि माझी झोप सुधारली.

इफेमेरल डेटाबेसबद्दल (तात्पुरतं कॉन्फिग ठेवायची जुनॉसमधली वेगळी जागा) बरेच जण विचारतात. भन्नाट फास्ट आहे, कारण नेहमीच्या कमिटमधल्या बऱ्याचशा तपासण्या त्यात होत नाहीत. पण रीबूट झालं की त्यातलं सगळं गेलं, रोलबॅक (जुन्या कॉन्फिगवर परत जाणं) नाही, आणि साध्या शो कॉन्फिगरेशनमध्ये ते दिसतही नाही, त्याची कमांड वेगळी. नेहमीच्या कॉन्फिगमध्ये चालू प्रत धरून ५० प्रती रोलबॅकला हजर असतात, इथे काहीच नाही. दर मिनिटाला बदलणारी गोष्ट कंट्रोलरमधून टाकायची असेल तर ठीक, पण माणसं हाताळतात त्या नेटवर्कमध्ये मी तरी ठेवणार नाही. रात्री तीनला लाइनवर असलेल्या पोराला जे कॉन्फिग दिसत नाही ते त्याने कसं दुरुस्त करायचं?

कॉन्फिगच्या बॅकअपला आम्ही ऑक्सिडाइज्ड हे टूल ठेवलंय, रॅन्सिड या जुन्या टूलवरून आलो. गिटमध्ये (फायलींचा इतिहास ठेवणारी सिस्टिम) डिफ सुंदर दिसतात. फक्त ते डिफॉल्ट दर ३६०० सेकंदांनी अख्खं कॉन्फिग ओढतं, आणि फुगलेल्या एमएक्सवर दर तासाला हे उगाच ओझं. त्याच्यासोबत सिसलॉगची (डिव्हाइस पाठवतं ते लॉग मेसेज) एक स्क्रिप्ट येते, राउटरकडून यूआय कमिटचा, म्हणजे कमिट झाल्याचा मेसेज आला की तेवढ्याच डिव्हाइसचं कॉन्फिग आणते. ती लावली आणि नेहमीचा फेरा दिवसातून एकदा केला. बदल झाल्या झाल्या गिटमध्ये येतो, आणि कोणी रात्री हळूच काय करून गेलं तेही कळतं.

आता कोअरचा साधा बदल मिनिटभरात आत जातो. पूर्वी विंडो लांबत लांबत कस्तुरचंद पार्कजवळ तर्री पोह्याचे ठेले लागेपर्यंत जायची, आता अडीचला पोरं मोबाइल बघत बसलेली असतात.

एक मार्क कापला तो फेल्ड होस्टच्या गुपचूपपणासाठी आणि प्लगइनच्या भानगडीसाठी. तुमच्याकडे आठ-दहाच डिव्हाइस असतील आणि पायथॉन कोणालाच येत नसेल तर नॉर्निरच्या नादी लागू नका, अन्सिबलवरच रहा, फक्त कमिट डिटेल आणि ती ग्रुपवाली ओळ आज रात्रीच बघून घ्या. सिस्कोच्या आयओएस एक्सआरवर (त्यांच्या मोठ्या राउटरची ऑपरेटिंग सिस्टिम) हे किती जमतं ते विचारू नका, आमच्याकडे त्याचा एकच बॉक्स आहे आणि त्यावर अजून काही चालवलेलं नाही. ज्यांनी त्यासाठी नॅपामचा नेटकॉन्फवाला (कॉन्फिग पाठवायचा प्रोटोकॉल) ड्रायव्हर वापरलाय त्यांनी खाली लिहा, पुढच्या महिन्यात तो बॉक्सही घ्यायचा आहे.