स्टेम सेलच्या नावाखाली 3,85,000 गेले आणि पोरीची तब्येत होती त्याहून बिघडली

लिहायला लाज वाटतेय, पण लिहितोय. माझ्या मुलीला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे, म्हणजे मोठ्या आतड्याला आतून सूज येऊन जखमा होतात, चार वर्षं झाली. मेसालामाईन, स्टिरॉईड, अझाथायोप्रिन सगळं झालं, तरी अधूनमधून रक्त पडायचंच, पोरगी कॉलेजला जाताना बॅगेत कपड्यांचा जादा जोड ठेवायची. डॉक्टरांनी बायोलॉजिक (जिवंत पेशींपासून बनवलेलं, सूज आवरणारं औषध) सुचवलं होतं, पण वर्षानुवर्षं इंजेक्शनं म्हटल्यावर आम्ही घाबरलो. अशात कोणी "मुळापासून बरं करतो" म्हणालं की आईबाप जातातच हो, ज्याच्या घरात हे नाही त्याने मला शहाणपण शिकवू नये.

पुण्यातलं चकाचक क्लिनिक, उपचार स्टेम सेलचे, म्हणजे ज्यांपासून शरीरातल्या बाकीच्या पेशी बनतात त्या मूळ पेशींचे. बुकिंगचे 25,000, मग तीन सेशन प्रत्येकी 1,20,000, सगळे आधीच भरून घेतले. तिथल्या मॅडमनी एक रंगीत प्रिंट हातात दिली, युरोपात 2018 ला स्टेम सेलच्या औषधाला मंजुरी मिळाली म्हणून. मी ती नीट वाचली, हेच जास्त लागतं मनाला. त्यात स्पष्ट होतं की ते क्रोन्सच्या (आतड्याच्या सुजेचा दुसरा आजार) पेशंटच्या फिस्टुलासाठी, म्हणजे गुदद्वाराजवळ पडणाऱ्या नळीसारख्या जखमेसाठी आहे आणि इंजेक्शन तिथेच देतात. माझ्या मुलीला क्रोन्स नाही, फिस्टुला नाही, आणि हे तर हाताला सलाईन लावणार होते! मी विचारलं, तर म्हणे "सर, शेवटी आतड्याचेच आजार, एकच फॅमिली." आणि मी मान डोलावली. तिथेच उठायला हवं होतं. ते औषधसुद्धा पुढच्या मोठ्या ट्रायलमध्ये फेल गेलं आणि 2024 ला युरोपच्या बाजारातून काढून घेतलं, हे मला नंतर कळलं.

थर्माकोलच्या डब्यातून बाटली काढली, त्यावर पेनाने मुलीचं नाव आणि तारीख. कंपनी नाही, बॅच नंबर नाही. लेबल नसलेलं काहीही नसेत जाऊ देऊ नका. सहीच्या फॉर्मवर "प्रायोगिक उपचार" आणि पावतीवर "वेलनेस पॅकेज", स्टेम सेल हा शब्द पावतीवर कुठेच नाही.

वर अझाथायोप्रिन बंद करायला लावली, "नव्या पेशींना मारते" म्हणून. तुमच्या पोटाच्या डॉक्टरांना न विचारता चालू गोळी कोणाच्याही सांगण्यावरून बंद करू नका. दुसऱ्या सेशननंतर तीन आठवड्यांत दिवसाला 14 वेळा टॉयलेट, हिमोग्लोबिन 7.1, ॲडमिट, दोन बाटल्या रक्त, बिल 92,400. क्लिनिकला फोन केला तर "शरीर साफ होतंय, तिसरं सेशन चुकवू नका".

पोलिसांत गेलो, तिथे सांगितलं डॉक्टरवर गुन्हा घ्यायला आधी वैद्यकीय अभिप्राय लागतो, तो आणा. अभिप्रायासाठी गेलो तर म्हणे पोलिसांचं पत्र आणा. औषधाची तक्रार घेऊन तिसऱ्या ऑफिसात गेलो, तिथे बाटली मागितली, आता सलाईनची रिकामी बाटली कोण घरी आणतं? चौथ्या ठिकाणी ॲफिडेव्हिट, तीन प्रती, साहेब मीटिंगमध्ये. पाच महिने झाले, एक साधं उत्तर नाही, आणि ते क्लिनिक आजही रोज उघडतं!

आयसीएमआरच्या (वैद्यकीय संशोधनाची सरकारी संस्था) 2017 च्या नियमांत सरळ लिहिलंय की रक्ताच्या वगैरे ठरावीक आजारांतलं बोन मॅरो ट्रान्सप्लांट सोडलं तर स्टेम सेल मंजूर ट्रायलबाहेर द्यायचे नाहीत. ट्रायल आहे म्हणाले तर सीटीआरआयचा, म्हणजे ट्रायलच्या सरकारी नोंदणीचा नंबर मागा, आणि ट्रायलमध्ये पेशंटकडून पैसे घेत नाहीत. पैसे मागितले की उठा.

मुलगी आता इन्फ्लिक्सिमॅबवर आहे, हे बायोलॉजिकच, जे आधीच सुरू करायचं होतं. कोणाला अशीच "वेलनेस पॅकेज"ची पावती मिळाली असेल तर फेकू नका, बँकेचं स्टेटमेंट आणि त्यांचे व्हॉट्सॲप मेसेजसुद्धा जपून ठेवा, जिथे जाल तिथे पहिल्यांदा तेच मागतात.