क्लॅटची मॉक मालिका: सहा महिन्यांनंतर, आणि त्या गोलांबद्दल

क्लॅट म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांची प्रवेश परीक्षा. तिच्या सराव परीक्षांचा हा पॅक अडीच हजारांचा, 40 मॉक, सगळे ॲपवर. प्रश्न बरे आहेत. राग आहे तो एकाच गोष्टीचा: यात ओएमआर, म्हणजे गोल रंगवायची उत्तरपत्रिका, कुठेच नाही.

क्लॅट कागदावर होते. बॉलपेनने गोल रंगवायचा आणि एकदा रंगवला की बदलता येत नाही. ॲपवर टिचकी मारली की उत्तर नोंदलं, मन बदललं की परत टिचकी. एक गोल नीट भरायला पाच सेकंद धरा. 120 गोलांना दोन तासांतली दहा मिनिटं गेली, राहिली 110. इंग्रजी, चालू घडामोडी, कायदा आणि तर्क यांचे साडेचारशे शब्दांपर्यंतचे वीसेक उतारे, म्हणजे नऊ हजार शब्द. मिनिटाला 200 च्या वेगाने वाचनातच 45 मिनिटं संपतात. मग विचार करायला प्रश्नामागे उरतात जेमतेम 32 सेकंद. ॲपवरचे 85 गुण कागदावर 85 राहत नाहीत, ते यामुळे.

त्याहून वाईट म्हणजे ओळ सरकणं. 47 वा प्रश्न सोडला आणि 48 चं उत्तर 47 च्या ओळीत गेलं, की खालचं सगळं एकेक घर वर. सगळे गोल शेवटी भरायला ठेवणाऱ्यांचं हमखास असं होतं. प्रत्येक प्रश्नाला भरलं तर नजर सारखी पुस्तिकेवरून उठते. उतारा संपला की त्याचे पाच-सहा गोल एकदम भरायचे आणि पहिला-शेवटचा क्रमांक ताडून पाहायचा, हे जमतं. तक्रारीला मदत केंद्राचं उत्तर: ‘ॲप अपडेट करा.’ अपडेट केल्याने कागद कसा उगवणार?

कायद्याचा विभागही जुनाट. 2020 पासून हा विभाग उताऱ्यावर चालतो, कायद्याचं पूर्वज्ञान लागत नाही. इथे पहिल्या दहा मॉकमध्ये दोन ओळींचं तत्त्व, दोन ओळींची घटना आणि लॅटिन वचनं. स्पष्टीकरणात खुनाला अजून भारतीय दंड संहितेचं कलम 302. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं 103 आहे. नुसता आकडा चुकला असता तर सोडून दिलं असतं. पण उत्तर उताऱ्यातल्या कुठल्या वाक्यावरून येतं ते दाखवायचं सोडून कलम फेकल्याने मुलं बाहेरचं ज्ञान लावायला शिकतात. उताऱ्यातला नियम खऱ्या कायद्यापेक्षा वेगळा असला तरी उत्तर उताऱ्याप्रमाणेच द्यायचं असतं.

‘शंका असेल तर सोडा’ हा यांचा लाडका सल्लाही हिशेबात बसत नाही. चुकीला पाव गुण जातो. चारांतला एक पर्याय खात्रीने बाद झाला की उरलेल्या तिघांतल्या अंदाजाला सरासरी +0.17 पडतात, दोन बाद झाले तर +0.375. तिथे सोडणं म्हणजे गुण सांडणं.

ऑक्टोबरमधली भर: आधी दोन तारे दिले होते, आता तीन. अकराव्या मॉकपासून उतारे खरोखर परीक्षेसारखे आहेत. प्रत्येक प्रश्नाला किती सेकंद लागले त्याचा तक्ता तर उत्तम. गणिताच्या 10 ते 14 प्रश्नांत वेळ कसा गळतो ते त्यात लख्ख दिसतं. टक्केवारी आणि गुणोत्तर, दहावीपर्यंतचंच. पण तक्ता नीट न वाचता आकडेमोडीला बसलं की दोन मिनिटं गेलीच.

याच पॅकमधले राज्याच्या विधी सीईटीचे मॉक मात्र पडद्यावरच शोभतात, कारण ती परीक्षा संगणकावरच होते. मराठीतही देता येते आणि चुकीला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा ठेवायचा नाही. क्लॅट फक्त इंग्रजीत.

क्लॅटच्या अर्जालाच खुल्या गटात 4000 रुपये जातात. तेव्हा आधी क्लॅट घेणाऱ्या कन्सॉर्शियमच्या संकेतस्थळावरचे जुने पेपर फुकटात सोडवा. 2020 ते 2023 चे 150 प्रश्नांचे आहेत, घड्याळ त्या बेताने लावा. पॅक घेतलाच, तर प्रश्न ॲपवर वाचा आणि उत्तरं 120 ओळींच्या झेरॉक्सवर पेनने भरा.

पॅकचं नूतनीकरण? त्या पैशांत झेरॉक्सचा गठ्ठा येतो.