नेरळ स्थानक: दोन मापांचे रूळ, दोन वेगांची सेवा

माथेरानला जाणाऱ्या बहुतेकांच्या लेखी नेरळ म्हणजे लोकलमधून उतरून मिनी ट्रेनच्या तिकीट खिडकीकडे धाव घेण्याची जागा. रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यातल्या या ग्रामपंचायतीच्या गावाचे स्थानक मात्र पर्यटकांच्या त्या दहा-पंधरा मिनिटांपेक्षा बरेच जुने आणि बरेच अधिक कामाचे आहे. येथे दोन वेगवेगळ्या मापांच्या रेल्वे शेजारी शेजारी उभ्या राहतात, आणि प्रवासी कोणत्या रुळांवरचा आहे यावर त्याचे या स्थानकाबद्दलचे मत ठरते.

आधी मोठ्या रुळांचा हिशेब. बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली, पुढच्या वर्षी रूळ कल्याणला पोहोचले आणि १८५६ साली ते नेरळवरून खोपोलीपर्यंत गेले. बोरघाट तेव्हा रेल्वेने ओलांडलेला नव्हता. १८६३ मध्ये घाटमार्ग खुला होईपर्यंत पुण्याकडे जाणाऱ्यांना घाटाच्या पायथ्याशी गाडी सोडून वर चढावे लागे. त्याच काळात नेरळलाही वेगळे महत्त्व येत होते. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी १८५० मध्ये माथेरानचे पठार पाहिले, तेथे बंगले उठू लागले आणि मुंबईहून येणारी मंडळी नेरळला उतरून घोड्यावरून, पालखीतून किंवा पायी डोंगर चढू लागली. स्थानक ते पठार ही उंचीची तफावत सुमारे साडेसातशे मीटरची आहे, हे लक्षात घेतले म्हणजे पुढची गोष्ट किती धाडसाची होती ते कळते.

उद्योगपती सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशातून आणि त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांच्या देखरेखीखाली १९०४ ते १९०७ या काळात नेरळ ते माथेरान ही दोन फूट रुंदीची रेल्वे बांधली गेली. खर्च सुमारे सोळा लाख रुपये झाला. बोरघाटातील मुख्य मार्गाचा सर्वांत तीव्र चढ सदतीस फुटांना एक फूट असा आहे आणि तेवढ्यासाठीही गाड्यांना कर्जतला जादा इंजिने जोडावी लागतात. माथेरानच्या मार्गावर काही ठिकाणी हाच चढ वीस फुटांना एक फूट आहे. त्यावर तोड म्हणून रूळ डोंगराच्या अंगाला घोड्याच्या नालेसारखी वळणे घेत नेले आणि त्या आखूड वळणांवर चाकांना वळता यावे अशी खास वाफेची इंजिने जर्मनीहून मागवली. संपूर्ण मार्गावर बोगदा एकच, आणि तोही इतका आखूड की त्याला गमतीने ‘वन किस टनेल’ म्हणतात.

सेवा म्हणून या छोट्या गाडीचे मूल्यमापन करताना एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी: कुठेतरी पोहोचण्याचे साधन म्हणून ती कमालीची गैरसोयीची आहे. जेमतेम एकवीस किलोमीटरला अडीच तासांहून अधिक वेळ लागतो, दिवसभरातल्या फेऱ्या मोजक्याच असतात, डब्यांतील जागा थोड्या असतात आणि पावसाळ्यात नेरळपासूनची सेवा बंद ठेवली जाते. जुलै २००५ च्या अतिवृष्टीने हा मार्ग उखडला, मे २०१६ मध्ये डबे घसरल्यानंतर तो थांबवण्यात आला, आणि २०१९ च्या पावसाने झालेल्या नुकसानीनंतर नेरळहून थेट गाडी पुन्हा सुटायला ऑक्टोबर २०२२ उजाडावा लागला. ज्यांना केवळ माथेरान गाठायचे आहे त्यांनी नेरळ स्थानकाबाहेरून टॅक्सीने दस्तुरी नाका गाठावा, जेथून पुढे पर्यटकांच्या मोटारींना प्रवेश नाही, आणि जवळच्या अमन लॉज स्थानकातून माथेरानची शटल पकडावी. पावसाळ्यातही शक्यतो ही शटल चालू ठेवली जाते. ज्यांना जुम्मापट्टी आणि वॉटर पाइप ही मधली इवलीशी स्थानके मागे टाकत, खाली नेरळची घरे हळूहळू लहान होताना पाहायची आहेत, त्यांच्यासाठी मात्र प्रवास हेच मुक्काम आहे. त्यांनी शनिवार-रविवार टाळून सकाळीच नेरळ गाठावे.

या कीर्तीच्या सावलीत लोकल सेवेकडे दुर्लक्ष होते, हे मला अन्यायाचे वाटते. कोल्हारे, दामत, ममदापूर, कळंब या परिसरातील नोकरदार आणि विद्यार्थी रोज याच फलाटांवरून कर्जत, कल्याण आणि मुंबई गाठतात. मुख्य मार्गाचे विद्युतीकरण १९२९ च्या सुमारास झाले आणि त्यामुळेच मुंबईपासून सुमारे सत्त्याऐंशी किलोमीटरवरच्या या गावाला उपनगरी सेवेचा लाभ मिळाला. मासिक पासावर दररोज एवढे अंतर कापता येणे ही देशातील फार थोड्या गावांना मिळालेली सोय आहे. अडचण आहे ती मार्गांची. बदलापूरच्या पुढे कर्जतपर्यंत येणारे आणि जाणारे असे दोनच रूळ असल्याने लांब पल्ल्याच्या गाड्या, मालगाड्या आणि लोकल यांना एकाच वाटेवर एकमेकींसाठी थांबावे लागते. एक गाडी रखडली की तिच्यामागची रांगच लांबते. येथे दोन लोकलमधील अंतर कल्याणच्या अलीकडे असते तसे मिनिटांत मोजण्यासारखे नसते, त्यामुळे वेळापत्रक न पाहता येणाऱ्याला फलाटावर बराच काळ बसावे लागते.

तो काळ सत्कारणी लावायचा असेल, तर फलाटावरून दोन्ही रुळांची मापे नजरेने ताडून पाहावीत: एक साडेपाच फूट, दुसरे त्याच्या निम्म्याहूनही कमी. छोट्या गाडीच्या इंजिनांची शेडही याच स्थानकाच्या आवारात आहे. आणि फलकावर कर्जतऐवजी खोपोलीचे नाव झळकले तर ती लोकल नीट पाहून घ्यावी. पुण्याचे रूळ बोरघाटाकडे वळतात तेथे, पळसदरीला, ती त्यांची संगत सोडते आणि १८५६ सालच्याच मार्गाने घाटाच्या पायथ्याशी जाऊन थांबते.