अरबी सुरांचा सौदागर: दादरच्या एका श्रवणसत्राचे परीक्षण

दादर पश्चिमेला एका जुन्या वाचनालयाच्या वरच्या सभागृहात दर महिन्याला श्रवणसत्र भरते. त्यांपैकी माइल्स कोपलंड या संगीत-निर्मात्याच्या कारकिर्दीवरचे सत्र नुकतेच ऐकले. तिकीट ५०० रुपये, वेळ चहाच्या सुट्टीसह तीन तास, आणि मांडणी अशी की निवेदकाने कहाणी सांगत जायचे आणि त्या त्या टप्प्यावरची गाणी मोठ्या स्पीकरवर ऐकवायची. रागांवर आणि घराण्यांवर बेतलेली अशी सत्रे मुंबईच्या श्रोत्यांना नवी नाहीत. परंतु जो माणूस स्वतः गायक, वादक किंवा संगीतकार म्हणून ओळखला जात नाही, त्याच्यावर एक अख्खी संध्याकाळ खर्च करण्याचे धाडस आयोजकांनी केले, याबद्दल त्यांचे आधी कौतुक केले पाहिजे.

सुरुवात थेट मुंबईपासून झाली, आणि ती योग्यच होती. १९८० साली ‘द पोलीस’ हा ब्रिटिश बँड मुंबईत वाजवून गेला होता, हे सभागृहातल्या बहुतेकांना ठाऊक नव्हते. टाइम अँड टॅलेंट्स क्लब या इथल्या महिलांच्या संस्थेने तो कार्यक्रम भरवला होता. त्याच दौऱ्यात हा बँड हाँगकाँग आणि कैरोलाही गेला. रॉक बँड ज्या शहरांकडे सहसा फिरकत नसत तिथे त्यांना नेणारा व्यवस्थापक म्हणजे कोपलंड. त्याचा धाकटा भाऊ स्ट्यूअर्ट याच बँडमध्ये ड्रम वाजवत असे, आणि पुढे बँड फुटल्यावर त्यातला गायक स्टिंग याचे व्यवस्थापनही माइल्सकडेच राहिले.

अरबी संगीताकडे तो वळला याचे मूळ त्याच्या बालपणात आहे, हा निवेदकाचा मुद्दा पटण्यासारखा आहे. १९४४ साली लंडनमध्ये जन्मलेल्या माइल्सचे वडील अमेरिकी गुप्तहेर खात्यात अधिकारी होते. त्यांच्या नेमणुकांमुळे मुलांचे वाढते वय दमास्कस, कैरो आणि बैरूत या शहरांत गेले. माइल्सने अर्थशास्त्राची पदव्युत्तर पदवीही बैरूतच्या अमेरिकन विद्यापीठातून घेतली. (हेरगिरीच्या गोष्टींत निवेदक जरा जास्तच रमले, त्यातली दहा मिनिटे गाण्यांना देता आली असती.) १९७९ मध्ये त्याने काढलेल्या आय.आर.एस. या रेकॉर्ड कंपनीचा आणि तिथून पुढे आलेल्या आर.ई.एम. या बँडचा भाग मात्र झटपट आटोपला, आणि विषय पाहता ते बरेच झाले.

सत्राचा खरा गाभा म्हणजे ‘डेझर्ट रोझ’. स्टिंगच्या १९९९ च्या ‘ब्रँड न्यू डे’ या अल्बममधले हे गाणे अल्जीरियाचा चेब मामी त्याच्याबरोबर गायला आहे. गाणे उघडते ते मामीच्या आवाजाने: उंच पट्टीतला, किंचित थरथरता, एकेका अक्षरावर सूर वळवत खाली येणारा, आणि त्या पार्श्वभूमीवर स्टिंगचा आवाज मुद्दाम सपाट ठेवल्यासारखा वाटतो. चांगल्या स्पीकरवर हा फरक जितका स्पष्ट होतो तितका मोबाइलवर कधीच होत नाही, आणि केवळ एवढ्यासाठीही तिकिटाचे पैसे वसूल झाले असे मी म्हणेन. निवेदकांनी पुढे जे दाखवले ते अधिक रंजक होते. अरबी गायकीने सुरू होणारे गाणे वाजवायला अमेरिकी रेडिओ केंद्रे फारशी उत्सुक नव्हती. गाण्याच्या चित्रफितीत स्टिंग जॅग्वार मोटारीतून वाळवंटात फिरतो. ती पाहून हे तर जाहिरातीसारखेच दिसते आहे असे कोपलंडच्या लक्षात आले आणि तो स्वतःच मोटार कंपनीच्या जाहिरातदारांकडे गेला. जाहिरात दूरचित्रवाणीवर झळकली, लोक गाणे मागू लागले आणि २००० साली ते बिलबोर्ड या अमेरिकी मासिकाच्या गाण्यांच्या मुख्य लोकप्रियता यादीत १७ व्या क्रमांकापर्यंत चढले. मूळ चित्रफीत आणि जाहिरात पडद्यावर लागोपाठ दाखवण्याची कल्पना उत्तम होती. निर्मात्याचे काम नेमके काय असते, हे त्या पाच मिनिटांत व्याख्यानापेक्षा चांगले कळले.

त्यानंतरच्या भागात मोंडो मेलोडिया या कोपलंडच्या रेकॉर्ड कंपनीची ओळख झाली. खालेद, रशीद ताहा आणि फोदेल या तिघा गायकांनी १९९८ मध्ये पॅरिसच्या बेर्सी सभागृहात एकत्र केलेल्या मैफलीचे ध्वनिमुद्रण अमेरिकेत पोहोचवण्याचे काम तिने केले. गॅलिलीतल्या तर्शीहा गावातून न्यूयॉर्कला गेलेल्या सायमन शाहीन या ऊदवादकाचा ‘ब्लू फ्लेम’ हा २००१ चा अल्बमही कोपलंडच्याच छत्राखाली आला. शाहीनचे वादन हा माझ्या मते संध्याकाळचा सर्वांत सुरेल भाग होता. ऊद या अरबी तंतुवाद्याला पडदे नसतात, त्यामुळे आपल्या कोमल आणि शुद्ध स्वरांच्या मधल्या जागा त्यावर सहज घेता येतात. तालाशिवाय चालणारी त्याची तक्सीम ऐकताना आलापाची सवय असलेला दादर-पार्ल्याचा श्रोता लगेच सावरून बसतो. हिजाझ या मकामचे, म्हणजे अरबी संगीतातल्या रागासारख्या स्वररचनेचे, पहिले चार स्वर आपल्या भैरव रागाच्या पूर्वांगाशी, म्हणजे सा ते म या स्वरांशी, जुळतात. तेवढे जरी वाजवून सांगितले असते, तरी ज्यांना अरबी भाषेचा गंधही नाही त्यांना हे संगीत आपले वाटले असते. पण शाहीनच्या वाट्याला जेमतेम एक तुकडा आला, तोही मध्येच तोडलेला.

माझी मुख्य तक्रार इथेच आहे. कोपलंडची रीत अशी होती की अनोळखी आवाज ओळखीच्या कशाला तरी जोडून विकायचा: आधी स्टिंग, मग मोटार, आणि २००२ मध्ये त्याने उभा केलेला ‘बेलीडान्स सुपरस्टार्स’ हा नृत्यसंच, ज्यातल्या बहुतेक नर्तकी अमेरिकी होत्या. या रीतीने दरवाजे उघडले हे खरे, पण अरबी कलावंत पुष्कळदा स्वतःच्याच संगीतात पाहुणा होऊन राहिला. सत्रातही नकळत तेच घडले. ‘डेझर्ट रोझ’ पूर्ण ऐकवले गेले, तेही दोनदा. खालेदचे १९९२ चे ‘दीदी’, ज्यावर मुंबईतली एक अख्खी पिढी लग्नाच्या वरातींत नाचली आणि जे डॉन वॉझ या वेगळ्याच निर्मात्याचे काम होते, ते केवळ तोंडी लावण्यापुरते आले. मामी आणि खालेद गातात तो रई हा गायनप्रकार अल्जीरियातल्या ओरान शहरात वाढला, प्रेम आणि दारूबद्दल मोकळेपणाने गाणारे हे गायक कर्मठांच्या डोळ्यांत खुपत होते, आणि १९९४ मध्ये चेब हस्नी या तरुण गायकाची ओरानमध्येच गोळ्या घालून हत्या झाली, यातले काहीच सांगितले गेले नाही. मामी आणि खालेद यांची कारकीर्द फ्रान्समध्ये का बहरली, हे त्याशिवाय समजत नाही.

ध्वनिव्यवस्थेबद्दल मात्र बोट ठेवायला जागा नाही. दरबुका या अरबी तालवाद्याची थाप छातीत जाणवावी आणि तरी कानाला त्रास होऊ नये, इतका आवाज नेमका राखला होता. निवेदकांचे मराठी स्वच्छ आहे, अरबी नावांचे उच्चार त्यांनी मेहनतीने बसवले आहेत, आणि प्रश्नोत्तरांत ते कोणालाही तोडून बोलत नाहीत. जिना अरुंद असून लिफ्ट नाही, तेव्हा गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी विचार करूनच जावे. खुर्च्या ५० च्या आसपास असल्यामुळे नावनोंदणी आठवडाभर आधी करणे बरे. पुढचे सत्र ऊदवर आहे असे शेवटी जाहीर झाले. त्यात तुकडे न तोडता किमान एक तक्सीम पूर्ण ऐकवावी, अशी लेखी सूचना मी अभिप्राय वहीत करून आलो आहे, आणि त्या सत्राचे तिकीटही काढले आहे.